राण्यांचे पिरॅमिड: पत्नी म्हणून मिळाले की राजमाता म्हणून?

शिलाहार

इजिप्तमध्ये गिझाला खुफू राजाच्या प्रचंड पिरॅमिडाच्या पूर्वेला तीन लहान पिरॅमिड एका ओळीत उभे आहेत. मोठ्याची बाजू सुमारे २३० मीटर आणि मूळ उंची सुमारे १४६ मीटर, तर या तिघांची बाजू ४५ ते ५० मीटरच्या आसपास आणि मूळ उंची प्रत्येकी सुमारे ३० मीटर. हे खुफूच्या घरातील राजस्त्रियांचे पिरॅमिड होत. गोंधळात टाकणारी गोष्ट पुढे येते. खुफूचा मुलगा खाफ्रे याने जवळजवळ तेवढाच मोठा पिरॅमिड बांधला, पण त्याच्या एकाही राणीसाठी पिरॅमिड उभा राहिलेला दिसत नाही. त्याच्यानंतरच्या मेनकौरेच्या पिरॅमिडाच्या दक्षिणेला मात्र पुन्हा तीन लहान पिरॅमिड आहेत.

म्हणजे राणी झाली की पिरॅमिड मिळालाच, असा नियम नव्हता. मग तो कोणाला मिळत असे? उपलब्ध माहिती वाचून माझे मत असे झाले आहे की हा मान मुख्यतः राजाच्या आईचा होता, पत्नीचा नव्हे. तेती राजाची राणी पहिली इपूत हिचे उदाहरण पाहा. सक्कारा येथे तिचे दफन आधी मस्तबात, म्हणजे सपाट माथ्याच्या आयताकृती थडग्यात झाले होते. मुलगा पहिला पेपी गादीवर आल्यावर त्या मस्तबाचा पिरॅमिड करण्यात आला. पत्नी असताना तिच्या वाट्याला मस्तबा आला आणि राजमाता झाल्यावर पिरॅमिड आला, यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? जाणकारांनी हे मत जरूर खोडून काढावे.

कातळशिल्प

इपूतच्या बाबतीत तुमच्याशी सहमत आहे, आणि ते रूपांतर बांधकामात आजही वाचता येते. पिरॅमिडाला सामान्यतः उत्तर बाजूने आत उतरत जाणारा बोगदा असतो. इपूतच्या पिरॅमिडात तो नाही. मस्तबाला असते तशी उभी विहीरच तिथे दफनकक्षापर्यंत जाते, कारण मूळ थडगे मोडायचे नव्हते, त्याच्यावर नवा आकार चढवायचा होता. शिवाय पेपीने कोप्टोस येथील आपल्या आईच्या उपासनागृहाला करमाफी देणारा आदेशही काढला होता. मुलाने आईसाठी केवळ दगड रचले नाहीत, तिच्या नित्यपूजेचा खर्च चालेल अशी सोयही लावून दिली.

वऱ्हाडी_वाचक

एक प्राथमिक शंका विचारतो. खुफूच्या पिरॅमिडाच्या आतच ‘राणीची खोली’ आहे ना? मग राणीला वेगळा पिरॅमिड कशासाठी लागला?

कातळशिल्प

त्या खोलीत कोणत्याही राणीचे दफन झालेले नाही. हे नाव फार नंतरचे असून ते अरबांनी दिल्याचे सांगतात, कारण खोलीचे छत दोन्हीकडे उतरते आहे आणि त्यांच्याकडे स्त्रियांच्या थडग्यांवर तसे छत असे. तिच्या पूर्वेकडील भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी अरुंद होत जाणारा एक उंच कोनाडा आहे. तिथे राजाची मूर्ती ठेवण्याचा बेत असावा, असा एक तर्क आहे.

याच ओघात आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. मोठ्या पिरॅमिडाजवळ दिसणारा प्रत्येक लहान पिरॅमिड राणीचा नसतो. राजाच्या धार्मिक विधींशी संबंधित असा एक छोटा उपपिरॅमिडही असे. खुफूचा तसा उपपिरॅमिड राण्यांच्या पिरॅमिडांजवळच १९९०च्या दशकात उत्खननात सापडला. खाफ्रेच्या दक्षिणेला जे अवशेष आहेत, तेही उपपिरॅमिडाचेच.

निरंजना

आम्ही गेलो होतो तेव्हा त्या तिघांपैकी एक पिरॅमिड आतून पाहण्यास खुला होता. सहलीच्या मार्गदर्शकाने दिलेल्या वेळेत बहुतेक मंडळी छायाचित्रे काढण्यात गुंतली होती, म्हणून आत जायला अजिबात रांग नव्हती. उताराचा बोगदा इतका ठेंगणा आहे की पूर्ण वाकून, पाठ छताला घासणार नाही याची काळजी घेत, लाकडी फळ्यांवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांवर पाय रोवत खाली जावे लागते. दफनकक्ष पिरॅमिडाच्या पोटात नसून खालच्या खडकात खोदलेला आहे. आत चित्र नाही, अक्षर नाही, शवपेटीही नाही. हवा जड आणि उष्ण होती. वर आल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला, की आत नावच नसेल तर अमुक पिरॅमिड अमुक राणीचा हे कोण आणि कसे ठरवते?

शिलाहार

निरंजनाताई, प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. त्या तिघांपैकी एकाही पिरॅमिडाच्या मालकिणीचे नाव निर्विवाद नाही. उत्तरेकडचा पिरॅमिड खुफूची आई पहिली हेतेफेरेस हिचा असावा, असे पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर मानतात, तर काहींच्या मते तो मेरितितेस राणीचा आहे. मधल्याशीही मेरितितेसचेच नाव जोडले जाते. दक्षिणेकडचा हेनुतसेनचा म्हणतात, पण त्याचा आधार काय? त्या पिरॅमिडाच्या पूर्व बाजूला पुढे इसिस देवीचे मंदिर झाले आणि तिथल्या एका शिलालेखात हेनुतसेनचे नाव आले आहे. तो लेख सव्विसाव्या राजवंशाच्या काळातला मानतात, म्हणजे खुफूनंतर सुमारे १९०० वर्षांनी कोरलेला. इतक्या उशिराच्या लेखावर किती भरवसा ठेवायचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

फावल्या_वेळात

मधल्या पिरॅमिडाचा निकाल तर प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने केव्हाच लावून टाकला आहे! त्याच्या म्हणण्यानुसार पैसा कमी पडला म्हणून खुफूने स्वतःच्या मुलीला वेश्याव्यवसायाला बसवले, आणि तिने येणाऱ्या प्रत्येकाकडून स्वतःसाठी एकेक दगड मागून घेऊन मधला पिरॅमिड बांधला. आता दगडांची संख्या मोजून ग्राहकांचा हिशेब कोणी मांडायचा, एवढाच प्रश्न उरतो.

निरंजना

हा हिशेब मांडण्याची हौस आजवर पुरुषांनाच झालेली आहे, एवढे नोंदवून ठेवते.

कातळशिल्प

कथा अर्थातच खोटी आहे. हेरोडोटस खुफूनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी तिथे गेला आणि तोवर खुफू लोककथांमधला दुष्ट राजा झालेला होता. गंमत एवढीच की त्याने दिलेले माप अगदीच निराधार नाही. प्रत्येक बाजू दीड प्लेथ्रॉन, म्हणजे साधारण ४५ मीटर, असे तो लिहितो, आणि वास्तू खरोखरच त्या आकाराच्या आहेत. गोष्ट सांगणाऱ्याने त्याला फसवले असेल, पण ती वास्तू त्याने डोळ्यांनी पाहिली होती, असे वाटते.

चार्ल्सकाठी

हेतेफेरेसचा विषय निघालाच आहे, तर बॉस्टनमध्ये राहणारी मराठी व्यक्ती म्हणून थोडे लिहितो, कारण तिचा शोध हार्वर्ड विद्यापीठ आणि बॉस्टनचे ललितकला संग्रहालय यांच्या संयुक्त मोहिमेने लावला. १९२५च्या फेब्रुवारीत मोहिमेचे प्रमुख जॉर्ज रायझनर अमेरिकेत होते. इकडे गिझात, या राणी-पिरॅमिडांच्या अगदी जवळ, छायाचित्रकाराच्या तिवईचा पाय जमिनीत रुतला आणि तिथे चुन्याचा गिलावा उघडा पडला. खाली सुमारे २७ मीटर खोल विहीर निघाली. तळाशी अॅलाबास्टर या पांढुरक्या दगडाची शवपेटी, पलंग, खुर्च्या, पालखीवजा आसन आणि सोन्याने मढवलेल्या खांबांची मंडपी होती. लाकूड कुजून गेले होते, पण त्यावर चढवलेला सोन्याचा पत्रा ज्या जागी पडला होता तिथेच राहिला होता. तुकड्यातुकड्याची जागा टिपून घेतल्यामुळे पुढे नव्या लाकडावर तेच सोने बसवून सामान पुन्हा उभे करता आले.

या सामानात एक पेटी होती आणि तिच्यात चांदीच्या वीस बांगड्या, दहा-दहाच्या दोन संचांत. आपल्याकडे बांगडीवाल्याच्या दांड्यावर असतात तशा त्या एकापुढे एक ओवून ठेवलेल्या होत्या. त्यांतली एक इथल्या संग्रहालयात आहे. जवळून पाहिली की ती भरीव नसून पातळ पत्रा वाकवून केलेली आहे आणि आतून पोकळ आहे हे कळते. बाहेरच्या अंगावर लाजवर्द, पिरोजा आणि अकीक बसवून केलेली फुलपाखरे आहेत. त्या काळी इजिप्तमध्ये चांदी सोन्यापेक्षा दुर्मीळ होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बांगड्यांच्या धातूतील शिशाची तपासणी झाली आणि चांदी ग्रीसच्या बाजूने, बहुधा सायक्लेडीज बेटांवरून आली असावी, असा निष्कर्ष निघाला.

शिलाहार, तुमच्या मताला बळ देणारी गोष्ट त्या पालखीवर आहे. आबनुसावर सोन्याची अक्षरे बसवून तिच्या पदव्या लिहिल्या आहेत आणि त्यांची सुरुवातच ‘वरच्या व खालच्या इजिप्तच्या राजाची माता’ अशी होते.

वऱ्हाडी_वाचक

आणि शवपेटीत काय मिळाले?

चार्ल्सकाठी

काहीही नाही. १९२७च्या मार्चमध्ये मान्यवरांच्या उपस्थितीत झाकण उचलले, तर पेटी रिकामी होती. गमतीची गोष्ट म्हणजे शरीरातून काढलेले अवयव ठेवण्याची पेटी मात्र जागेवर होती आणि तिच्यात अवयव होते. रायझनर यांचे म्हणणे असे की मूळ दफन दहशूरला पती स्नेफेरूजवळ झाले, तिथे चोरी झाली, मृतदेह नाहीसा झाल्याचे खुफूला कोणी सांगितलेच नाही, आणि उरलेले सामान गुपचूप गिझाला आणून पुरले. लेनर यांनी १९८५ मध्ये वेगळा तर्क मांडला. दफन आधी याच विहिरीत झाले आणि पिरॅमिड तयार झाल्यावर राणीचा देह तिकडे नेला, असे ते म्हणतात. मला दुसरा तर्क अधिक पटतो, कारण राजाला अंधारात ठेवून एवढी उठाठेव करणाऱ्या कारभाऱ्यांची कल्पना मला करवत नाही.

फावल्या_वेळात

मला ती कल्पना अगदी सहज करता येते. आपण बहुधा कधी सरकारी कचेरीत काम केलेले नसावे.

रेखांश

एवढे एकमत झालेले पाहून विरोध नोंदवतो. ‘पिरॅमिड आईचा मान’ हे सूत्र सक्काऱ्याच्या दक्षिण भागात गेल्यावर तुटते. पहिल्या पेपीच्या पिरॅमिडाभोवती फ्रेंच मोहिमेने १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून राण्यांचे पिरॅमिड एकामागून एक शोधून काढले. त्यांत नुबवेनेत आहे, इनेनेक-इंती आहे, बेहेनू आहे. यांच्यापैकी कोणाचा मुलगा गादीवर बसल्याचे दिसत नाही. दुसऱ्या पेपीच्या तीन राण्यांचे, म्हणजे नेइथ, दुसरी इपूत आणि वेजेबतेन यांचे पिरॅमिड गुस्ताव जेकिये यांनी खोदले. तीन राण्यांना तीन पिरॅमिड मिळाले, आणि राजमाता तर तिघीही असू शकत नाहीत.

त्याहून मोठी अडचण सेतिबहोर राणीची आहे. पाचव्या राजवंशातील जेदकारे राजाच्या पिरॅमिडाशेजारी राणीचा एक मोठा पिरॅमिड बरीच दशके निनावी पडून होता. २०१९ मध्ये मोहम्मद मेगाहेद यांच्या मोहिमेला तिथे तांबड्या ग्रॅनाइटचा खांब सापडला आणि त्यावर ‘राजाची पत्नी, त्याची प्रिय सेतिबहोर’ असे नाव निघाले. जुन्या राज्याच्या काळात, म्हणजे हे सगळे पिरॅमिड बांधले गेले त्या युगात, राणीसाठी उभारलेल्या सर्वांत मोठ्या पिरॅमिड-परिसरांमध्ये याची गणना होते. असे ग्रॅनाइटचे स्तंभ तोवर केवळ राजांच्या मंदिरांचा अधिकार समजले जात. आणि त्या खांबावर ती पत्नी आहे.

अर्धचंद्र

चर्चा गंभीर वळणावर आली आहे, परंतु राजमाता सेशेशेतचा उल्लेख अजून कोणीच केला नाही, हा तिच्यावर अन्याय आहे. ही तेतीची आई. तिचा समजला जाणारा पिरॅमिड २००८ मध्ये झाही हवास यांच्या पथकाला सक्काऱ्याच्या वाळूखाली सापडला. बाजू २२ मीटर, पाच मीटर उंचीचा भाग शिल्लक, मूळ उंची साधारण १४ मीटर. नाव मात्र आत कुठेही मिळाले नाही. तेतीच्या दोन राण्यांचे पिरॅमिड आधीच माहीत होते, म्हणून हा आईचा असावा, असे अनुमान आहे.

परंतु आमच्यासारख्यांना ही राजमाता वेगळ्याच कारणासाठी पूज्य आहे. एबर्स पपायरस या वैद्यकीय ग्रंथात तेतीच्या आईसाठी तयार केलेले केस वाढवण्याचे औषध दिले आहे. कुत्र्याचा पंजा, खजुराच्या बिया आणि गाढवाचे खूर तेलात चांगले शिजवून डोक्याला चोळावे. तो पपायरस तिच्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी लिहिला गेला, म्हणजे पाककृती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. गुण आला असल्याशिवाय कोणी जपून ठेवील काय?

फावल्या_वेळात

खजुराच्या बियांची सोय मी करतो. उरलेल्या दोन वस्तूंची जबाबदारी आपण घ्यावी.

निरंजना

मूळ विषयाकडे येऊन एक मुद्दा मांडते. पिरॅमिड मिळणे हाच सर्वोच्च मान, हे आपण आधीच गृहीत धरून चाललो आहोत. खाफ्रेची राणी तिसरी मेरेसआंख हिला पिरॅमिड नव्हता. पण गिझाच्या पूर्व कबरस्तानातील तिच्या मस्तबाखाली खडकात कोरलेल्या खोल्या आहेत. भिंतींवर रंगवलेली शिल्पे आहेत, आणि एका भिंतीत दहा स्त्रियांच्या पुतळ्यांची रांग खडकातूनच कोरलेली आहे. तिची दगडी शवपेटी आई दुसरी हेतेफेरेस हिने दिली आणि तसे त्या पेटीवर लिहिलेही आहे. स्वतःसाठी केलेली शवपेटी आईने मुलीला द्यावी, म्हणजे मुलगी आईच्या आधी गेली. प्रवेशद्वारावर मृत्यूचा आणि दफनाचा, असे दोन्ही दिवस कोरले आहेत, आणि त्यांच्यामध्ये जवळपास नऊ महिने आहेत. मला निवड करायला सांगितली, तर त्या कोंदट, निनावी पिरॅमिडापेक्षा मी हे थडगे निवडीन.

दूरदेशी

थोडे विषयांतर होईल. सुदानमधील मेरोए येथे अमानिशाखेतो राणीचा स्वतंत्र पिरॅमिड होता, आणि ती कोणाची पत्नी किंवा आई म्हणून नव्हे, तर स्वतः राज्य करणारी राणी म्हणून. १८३४ मध्ये ज्युसेप्पे फेर्लिनी या इटालियन डॉक्टरने खजिन्याच्या लोभाने तो पाडला. दागिने मिळाले, आणि ते आज म्युनिक व बर्लिन येथील संग्रहालयांत आहेत.

रेखांश

ते कुशचे राज्य होते आणि काळ ख्रिस्तजन्माच्या आसपासचा, म्हणून या धाग्यात त्याला दूरच ठेवू. पण तुलना उपयोगी आहे. इजिप्तमध्ये स्वतः राज्य केलेली हातशेपसूत पिरॅमिडात नाही, कारण तिच्या काळापर्यंत राजांची थडगी डोंगरात खोदण्याची रीत पडली होती. तिच्याआधी बाराव्या राजवंशाच्या अखेरीस सोबेकनेफेरू राज्य करून गेली. मझघूना येथील एक अपूर्ण पिरॅमिड तिचा असावा असे म्हणतात, पण तिथेही नाव सापडलेले नाही.

कातळशिल्प

रेखांश, पेपीच्या राण्यांबद्दल तुमचा आक्षेप रास्त आहे, पण त्या समूहातही सगळे पिरॅमिड सारख्या मोलाचे नव्हते. सर्वांत मोठा दुसऱ्या अंखेसेनपेपीचा आहे, आणि ती दुसऱ्या पेपीची आई. पिरॅमिड-मंत्र, म्हणजे मृत राजाला आकाशात पोहोचवणारे भिंतींवरचे पाठ, तोवर फक्त राजांच्या पिरॅमिडांत कोरले जात. ते ज्या राणीच्या पिरॅमिडात सर्वांत आधी आलेले दिसतात, ती हीच. २००० साली ते सापडले.

हिची अॅलाबास्टरची एक छोटी मूर्ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात आहे. मांडीवर मुलगा बसला आहे, पण तो तान्हे मूल नाही. आकाराने लहान, आणि अंगलट व राजाचे शिरोवस्त्र मात्र प्रौढाचे. आई समोर पाहते आणि मुलगा तिच्याशी काटकोनात बसून दुसरीकडे पाहतो, त्यामुळे एका मूर्तीला दोन दर्शनी बाजू झाल्या आहेत. पेपी सुमारे सहा वर्षांचा असताना गादीवर आला असे मानतात, म्हणजे कारभार कोणाच्या हाती होता हे सांगायला नको. या बाईला मंत्र मिळाले ते पत्नी म्हणून मिळाले, असे मला तरी म्हणवत नाही.

शिलाहार

सर्वांचे प्रतिसाद वाचल्यावर मला या वादाची सर्वांत चांगली साक्ष अबूसीरला आहे असे वाटते. तिथे नेफेरीरकारे राजाच्या पिरॅमिडाच्या दक्षिणेला दुसऱ्या खेंतकाउसचा पिरॅमिड आहे. मिरोस्लाव्ह व्हर्नर यांच्या चेक मोहिमेने तो खोदला. बाजू सुमारे २५ मीटर, म्हणजे मोठा नव्हेच. तिथल्या दगडांवर बांधकाम करणाऱ्यांनी रंगाने घाईघाईत लिहिलेल्या खुणा आहेत, दगड कोणत्या कामासाठी आहे हे कळावे म्हणून. एका दगडावर ‘राजाची पत्नी खेंतकाउस’ असे आहे, आणि ‘पत्नी’च्या वर नंतर ‘माता’ अशी भर घातलेली आहे. व्हर्नर यांचा निष्कर्ष असा की काम पतीच्या राज्यात सुरू झाले, मध्येच थांबले, आणि मुलाच्या राज्यात पूर्ण झाले.

यावरून मी माझे मत असे मांडतो. पिरॅमिड सुरू होणे हे पतीच्या मर्जीवर होते, आणि तो पुरा होणे, वाढणे, मंदिरासह चालू राहणे हे पुष्कळदा मुलाच्या गादीवर अवलंबून होते. पती आपल्या आधी गेला आणि मुलगा राजा झाला नाही, तर अर्धवट पिरॅमिडाकडे लक्ष देणारे कोणी राहत नसे.

रेखांश

हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. तरीही नुबवेनेत आणि तिच्या शेजारणींचे पिरॅमिड पतीच्या हयातीतच पुरे झाले असावेत, आणि तेती-पेपींच्या सहाव्या राजवंशात राण्यांना पिरॅमिड देण्याची रीतच रुळली असावी. खुफूच्या चौथ्या राजवंशाचे मोजमाप तिथे लावू नये. तेतीच्या बाबतीतही आकडा वाढतोच आहे. २०२१च्या जानेवारीत त्याची आणखी एक राणी, नेइत, तिच्या पिरॅमिडाच्या मंदिरासह जाहीर झाली. ती कोणाची आई होती, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

वऱ्हाडी_वाचक

आणि सेतिबहोर? जेदकारेनंतर आलेला उनास तिचा मुलगा असेल, तर शिलाहारांचे मत तिथेही टिकेल ना?

कातळशिल्प

उनासचे आईवडील कोण, हे निश्चित करणारा लेख अजून मिळालेला नाही. आजवर मिळालेल्या खांबावर तिला माता म्हटलेले नाही, आणि तिच्या परिसरात मेगाहेद यांच्या मोहिमेचे काम चालू आहे. तिथे ‘राजमाता’ असे कोरलेला एखादा दगड निघाला, तर हा धागा पुन्हा वर काढू.

अर्धचंद्र

तोपर्यंत कोणाला गाढवाचे खूर मिळाल्यास कळवावे.